रत्नागिरीत खोली मिळेल, गणपती सोडून

कोकणात घर मे महिन्यात बघितलं तर पाण्याचं खरं कळतं आणि जुलैत बघितलं तर छपराचं. दोन्ही एकदम कळायची सोय नाही. आणि बदलीची ऑर्डर काय आपल्याला विचारून येत नाही, आमच्या ऑफिसनं मला ऐन मेमध्ये सोलापुरातून उचलून रत्नागिरीत टाकलं. घरात सगळे खूश. बायकोच्या डोळ्यासमोर समुद्र, पोराच्या डोळ्यासमोर समुद्र, सासूबाईंच्या डोळ्यासमोर हापूसची पेटी. माझ्या डोळ्यासमोर मात्र घरभाडे भत्ता, कारण त्यात खिशातले कितीही घातले तरी गाडी सहा हजारांच्या पुढं जात नव्हती.

सोलापूर सपाट. तिथं घर दहा मिनिटांवर आहे म्हणजे जायला दहा आणि यायला दहा. रत्नागिरी वर आणि खाली अशी वसलीय. मारुती मंदिर, माळनाका, नाचणे हे सगळं वर सड्यावर, म्हणजे पठारावर, आणि राम आळी, मांडवी, राजिवडा खाली समुद्राच्या आणि खाडीच्या अंगाला. मोबाइलच्या नकाशाला हे काही कळत नाही, तो बिचारा सातशे मीटर दाखवतो, आपण निघतो, आणि मग त्या सातशे मीटरमध्ये चिऱ्याच्या झिजलेल्या पायऱ्यांची पाखाडी लागते. अशाच एका पाखाडीच्या तळाला मला दोन खोल्या मिळत होत्या, साडेतीन हजारात, वर फणसाची सावली फुकट. मी जवळजवळ हो म्हणून टाकलं होतं. तेवढ्यात समोरून एक माणूस भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन उतरताना दिसला, एका पायरीवर थांबला, सिलिंडर गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, टेकवला, घाम पुसला, मला म्हणाला, "नवीन काय? गाडी वरपर्यंतच येते हां. खाली आणायचं ते आपलं आपण." मी त्याच्या खांद्याकडं बघितलं, माझ्या खांद्याकडं बघितलं, आणि मालकांना विचार करून सांगतो म्हणालो.

इथं कुणाला 'खोली आहे का' विचारलं की सरळ उत्तर मिळत नाही, आधी आपली चौकशी होते. कुठले? सोलापूर? एवढ्या लांबून? तिकडं नोकऱ्या संपल्या काय? हे सगळं अगदी शांत चेहऱ्यानं. चहाच्या टपरीवरचे काका तर मला रोज एक नवीन अट सांगायचे. पहिल्या दिवशी म्हणाले पश्चिमेची खिडकी असेल तर घेऊ नका. मी म्हटलं अहो समुद्र दिसतो की तिथून! ते म्हणाले, "दिसेल ना. जूनपर्यंत." मग झड काय असते ते त्यांनी हात आडवा फिरवून दाखवलं. आमच्या सोलापुरात वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा इथं एकट्या जुलैत पडतो, हे मला माहीत होतं, पण तो वरून खाली न पडता पश्चिमेकडून आडवा घरात येतो हे कुठल्या भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं.

थिबा पॅलेसच्या बाजूला एक फ्लॅट बघितला. सुंदर. खाली भाट्याची खाडी, वारा, शांतता, आणि भाडं ऐकून मी मालकांना पाणी मागितलं. उतरताना राजवाड्याच्या बाहेरचा फलक वाचला आणि मला एकदम बरं वाटलं. ब्रह्मदेशाचा थिबा राजा, इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचलला आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवला, आणि हा राजवाडा बांधून झाला १९१० साली. म्हणजे बदलीवर आलेल्या माणसाला रत्नागिरीत मनासारखं घर मिळायला चोवीस वर्षं लागली, तेही राजा असून आणि खर्च सरकारचा असून. मी बायकोला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली इतिहास संध्याकाळी सांगा, घराचं काय झालं.

मग समुद्राच्या बाजूला गेलो. मिऱ्याला एक घर स्वस्तात होतं, घरापुढं रस्ता, रस्त्यापुढं दगडांचा बंधारा आणि बंधाऱ्यापुढं थेट अरबी समुद्र. घरमालकांचा फ्रिज बघितला, खालून अर्धा गंजलेला. खिडकीचे गज हाताला लागले की हात तांबडा. मी विचारलं पावसाळ्यात लाटा कुठवर येतात? मालक प्रामाणिक माणूस, म्हणाले, "मोठ्या भरतीला तेवढ्या येतात. रोज नाय." राजिवड्यात एका चाचींनी माडीवरची खोली दाखवली, भाडं अगदी माझ्या खिशाचं, खोली लख्ख. त्यांचा एकच प्रश्न, मासे खाता? मी म्हटलं आम्ही घरात सगळे शाकाहारी. चाचींना माझं मनापासून वाईट वाटलं. "मग बेटा, तुला इथं त्रास होईल. खाली मच्छी सुकवतात." आजवर शाकाहारी नाहीत म्हणून घर नाकारलेले मित्र मी बघितले होते, शाकाहारी आहे म्हणून काळजीपोटी परत पाठवलेला बहुतेक मीच.

राहिलं कुवारबाव. रेल्वे स्टेशन गावात नाही, ते तिकडं कुवारबावला, त्यामुळं तिकडं नव्या बिल्डिंगा भरपूर, सपाट रस्ते, लिफ्ट, पार्किंग, एकदम आपल्याकडचं वाटावं असं. फ्लॅटमध्ये शिरल्याशिरल्या सवयीनं नळ सोडला. खर्रर्र असा आवाज आला, आणि एक झुरळ. वॉचमन म्हणाला बोअर आटलीय, टँकर येतो, त्याचे महिन्याला वेगळे द्यायचे. ते वेगळे धरले की भाडं थिबा राजाच्या शेजारी जाऊन बसत होतं. मला हे पचेना. तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात टँकर? टपरीवरच्या काकांनी समजावलं. जांभा, म्हणजे इथला तांबडा दगड, ही चाळणी, वरून ओतलं की खालून गेलं, त्यात सगळा उतार, पऱ्यांना, म्हणजे ओढ्यांना, पूर आला की दोन-चार तासात पाणी समुद्रात. चार महिने छत्री धरायची आणि एप्रिल-मेमध्ये हंडा. सोलापूरच्या माणसाला पाण्याचं रडगाणं नवीन नाही, आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं, दोनशे लिटरची निळी पिंपं हा आमच्याकडं संसाराचा भाग असतो. पण आमच्याकडं निदान पाऊस पडत नाही, त्यामुळं अपमान वाटत नाही.

शेवटी घर मिळालं शिरगावात. आणि तिथं मला कोकणातल्या भाड्याचं गणित समजलं. वाडीत अर्धी घरं कुलूपबंद, चांगली चिरेबंदी, कौलारू, अंगणात तुळस, आणि दाराला हे एवढं कुलूप. मालक मुंबईत. मी म्हटलं एवढी घरं रिकामी आणि भाड्याला एकही नाही? शेजारच्या काकू म्हणाल्या, "रिकामी कुठं? गणपतीला भरतात की." वर्षातले बारा-पंधरा दिवस घर भरतं, त्यासाठी साडेअकरा महिने ते बंद ठेवायचं. अर्थशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकानं डोकं आपटलं असतं. पण काकूंच्या शेजारचे डोंबिवलीकर मालक जरा वेगळा विचार करणारे निघाले. बंद घराला वाळवी लागते, त्यापेक्षा माणूस राहिलेला बरा. भाडं चार हजार. ओटी, माजघर, मागं पडवी, विहीर, विहिरीवर पंप. मी फोनवरच हो म्हणालो, आणि मग त्यांनी अटी सांगायला सुरुवात केली.

अंगणात हापूसची दोन कलमं आहेत, त्यांना हात लावायचा नाही, आंबा कराराने दिलाय. बरं. पडलेला आंबासुद्धा करारवाल्याचा. बरं. मेमध्ये मुलांना सुट्टी लागली की आम्ही येणार. बरं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरी येते, तेव्हा घर बंद असून चालत नाही, आम्हाला रजा मिळाली नाही तर पूजा तुम्ही करायची, नारळ फोडायचा, काकू सांगतील. बरं. आणि गणपतीला आम्ही सगळे. मी विचारलं सगळे म्हणजे? ते म्हणाले आम्ही तीन भाऊ.

मालक म्हणत होते आपल्यात कागद कशाला. मी म्हटलं कागद पाहिजे, रजिस्टर करून पाहिजे, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. ग्रामपंचायत हद्द म्हणून नोंदणी फी पाचशे, शहरात असतो तर हजार, तेवढीच बचत. घर त्यांच्या आईच्या नावावर. आजी ऐंशीच्या पुढच्या, सध्या काकूंकडंच मुक्काम. करार करणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन काकूंच्या ओटीवर बसला. आजींनी अंगठा ठेवला, मशीन म्हणालं जुळत नाही. पुसून ठेवला, नाही. तेल लावून ठेवला, नाही. आयुष्यभर भात लावून, नारळ सोलून त्या अंगठ्यावर एक रेघ शिल्लक नव्हती. आजी मशीनकडं बघत म्हणाल्या, "याला काय म्हायत, घर कुणाचं ते?" शेवटी डाव्या हाताच्या कुठल्यातरी बोटावर मशीननं माघार घेतली. मग तो मुलगा माझ्याकडं वळला. अकरा महिन्यांचा नमुना तयार होता, पण 'गणेशोत्सवात ओटी व माजघर मोकळे करून देणे' हे कुठल्या रकान्यात टाकायचं त्याला कळेना. त्यानं ते 'इतर अटी' मध्ये टाकलं, त्याच्याखाली पालखी टाकली, आणि मला म्हणाला, "सर, हे भाडं आहे की मानपान?"

जूनला पाऊस सुरू झाला आणि पिंपं पहिल्यांदा कामाला आली ती घरात. वानरांनी कौलं सरकवली होती, बरोबर पलंगावरची. रात्री निळं पिंप पलंगावर आणि आम्ही पलंगाखाली... म्हणजे बाजूला. कपडे वाळत नाहीत, ते फक्त कमी ओले होतात. चपलेवर बुरशी, बेल्टवर बुरशी, लग्नाच्या अल्बमवर बुरशी, मिठाची बरणी आपोआप समुद्र झालेली. बायकोनं माजघरात बल्ब टांगून त्याखाली पोराचा युनिफॉर्म धरायला सुरुवात केली आणि विजेचं बिल बघून मी भाड्याची बेरीज परत एकदा केली. अजूनही कुवारबावपेक्षा स्वस्त. थोडंच.

गणपतीला तीन भाऊ आले. तीन भाऊ म्हणजे तीन भाऊ, तीन वहिन्या, पोरं, एक मावशी, मावशीचा जावई, आणि जावयाचा मित्र ज्याला कोकण बघायचं होतं. करारानुसार आम्ही मागच्या पडवीत. पहिल्या दिवशी मी जरा तोऱ्यातच होतो, भाडं भरतो म्हणून. संध्याकाळी आरतीला धाकट्या भाऊंनी हातात झांज दिली आणि म्हणाले चला, राहता ना इथं? मग काय. पहाटेपासून उकडीचे मोदक, दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबार, आमच्या बायकोनं शेंगाचटणीचा डबा काढला तो दोन दिवसात साफ, मोठ्या वहिनींनी कृती लिहून घेतली. फक्त बाथरूम एकच होतं, आणि माझं ऑफिस सुरू होतं. रांगेत माझा नंबर जावयाच्या मित्राच्या मागं. भाडेकरूला रांगेत अग्रक्रम असावा अशी अट टाकायची राहिलीच.

एप्रिलअखेर करार संपत आला. मालकांचा फोन आला, आवाज गोड, तेव्हाच कळलं पाचशे वाढणार. "काय म्हणता सोलापूरकर? रेन्यू करायचं ना? फक्त जरा... महागाई बघताय तुम्ही." मी म्हटलं बघतोय. "आणि मेमध्ये आम्ही येतोय सगळे. विहिरीला पाणी कितपत आहे?"

मी फोन हातात धरूनच विहिरीशी गेलो. तळाला बेडूक स्पष्ट दिसत होता. म्हटलं, आहे की, आम्हा तिघांपुरतं. दिवसाआड पंप लावतो, पिंपं भरून ठेवतो, नाहीतर टँकरवाल्याला फोन करतो, तो आपल्याकडंच आधी येतो, ओळख झालीय. पण करार संपला की मी काही दिवस सोलापूरला जाईन म्हणतोय, पोरालाही सुट्टी आहे, तुम्हाला घर मोकळं मिळेल.

पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही. मागून एका वहिनींचा आवाज आला, अहो त्यांना जाऊ नका म्हणावं.

"छे छे, जाताय कशाला," मालक म्हणाले, "राहा की, घर तुमचंच आहे. आणि ते पाचशेचं राहू द्या यंदा. टँकर तेवढा आम्ही यायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा."

काकू गडग्यापलीकडं झाडू हातात घेऊन उभ्याच होत्या, सगळं ऐकून झालेलं. "वाढवलं नाय ना?" मी म्हटलं नाही काकू. "मग टँकर आला की पाइप जरा इकडं पण टाका."