पदरमोड

लहानपणी आम्ही ज्या खोल्यांमध्ये राहत होतो, त्यांच्या मधल्या भिंती इतक्या पातळ होत्या की कोणाची चूल पेटली आणि कोणाची नाही, हे नुसत्या आवाजावरून कळत असे. वडिलांचे काम सुटले होते त्या दिवसांत शेजारच्या काकू एका संध्याकाळी झाकलेले भांडे घेऊन आल्या. "आज अंदाज चुकला, जास्तच झालं, उद्यापर्यंत टिकायचं नाही," एवढे बोलून त्यांनी ते आईच्या हातात दिले आणि लगेच पाठ फिरवली. पातेल्याचा तळ खरवडल्याचा आवाज त्याआधी थोडाच वेळ भिंतीपलीकडून आला होता. तो आईनेही ऐकला होता. तिने भांडे घेतले, कारण नको म्हटले असते तर काकूंचे खोटे उघडे पडले असते.

अशा देण्याला मराठीत पदरमोड म्हणतात. दान बहुधा उरलेल्यातून होते. पदरमोडीत देणाऱ्याच्याच घरी कोणाचे तरी पोट अर्धे राहते. जून 2025 पासून जागतिक बँक अतिदारिद्र्याची रेषा माणशी दिवसाला 3 डॉलर धरते (तेही प्रत्येक देशातील किमतींशी जुळवून घेतलेले) आणि त्या हिशेबाने जगातील सुमारे 80 कोटी माणसे या रेषेखाली आहेत. पण ज्यांचे हातावर पोट आहे त्यांच्याकडे तेवढेही रोज येत नाही. एखाद्या दिवशी थोडे अधिक येते, मग चार दिवस काहीच येत नाही. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतील 250 हून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशांची बारीक नोंद संशोधकांनी ठेवली होती आणि ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. नातलग आणि शेजारी यांच्यातील बिनव्याजी हातउसने व्यवहार त्या घरांमध्ये सतत चालू असल्याचे तिच्यातून दिसले. आज तुझ्याकडे आहे, उद्या माझ्याकडे असेल, या भरवशावर हे सारे चालते.

तरीही याला केवळ देवाणघेवाण म्हणणे मला पटत नाही. शेजारणीच्या तापलेल्या मुलाला घेऊन दिवसभर रांगेत उभी राहणारी बाई त्या दिवशी कामावर खाडा करते, मजुरी बुडवते आणि काम कायमचे जाण्याचा धोकाही पत्करते. हे परत मिळेलच असे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याचा उच्चारही करत नाही.

मला खरा राग येतो तो या माणसांच्या कौतुकाचा. "गरीब असूनही किती मोठे मन" असे म्हणून डोळे पुसणारे पुढे सहज म्हणतात की ही माणसे एकमेकांना सांभाळून घेतात, त्यांचे निभावते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी भारतातील तीन कोरडवाहू खेड्यांचा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध केला. एखाद्या घराची कमाई बुडाली किंवा तिथे आजारपण आले, तरी त्या घराचा खाण्यापिण्याचा खर्च पुष्कळसा गावाच्या सरासरीबरोबरच राहतो, असे त्यांना आढळले. मात्र त्यांपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार कमी मिळत असल्याच्या खुणाही दिसल्या, आणि झळ साऱ्या गावालाच बसली तर ती गावातल्या गावात वाटून कमी होत नाही. दुष्काळ पडला किंवा सगळ्यांचे काम एकदमच बंद झाले, तर शेजाऱ्याने पदर मोडायचा तरी कुठून? सरकारी धान्य, मोफत उपचार, हाताला काम, यांची जागा शेजारधर्माने भरून निघेल असे मानणे म्हणजे सर्वांत रिकाम्या हातांवर सर्वांत जड ओझे ठेवणे होय.

पुढे काही वर्षांनी काकू आजारी पडल्या. नेमका त्याच महिन्यात आमच्या ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातले काम थांबले होते. आईने उसने मागण्यासाठी एकेक दार वाजवले, आणि प्रत्येक दारातून घरातली बाई डबा उघडा करून दाखवत होती. बायकांनी रात्री वाटून घेतल्या, पाणी भरले, काकूंचे कपडे धुतले, त्यांच्या मुलांना आपापल्या घरी निजवले. औषधाची चिठ्ठी उशाखाली तशीच घडी घातलेली राहिली.