वखारीचे दार चित्रफितीत का नाही?

आज दुपारी आमच्या निपाणीच्या इतिहासावर तयार केलेली एक चित्रफीत जाहीर कार्यक्रमात दाखवली गेली. ती पाहून घरी आल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून हे लिहीत आहे. पाऊण तासाच्या त्या फितीत पेशवाईतले सरदार सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजेच अप्पा देसाई निपाणकर, आणि त्यांचा वाडा होता, दर्ग्याचा उरूस होता, व्यापारी घराण्यांची जुनी छायाचित्रे होती आणि आकाशातून टिपलेला महामार्ग तर पुन:पुन्हा होता. तंबाखूचा विषय मात्र एका वाक्यात आटोपला: निपाणी ही तंबाखूची मोठी बाजारपेठ आहे. जणू तंबाखू शेतातून आपल्या पायांनी चालत आली, स्वतःच चाळली गेली आणि पोत्यात जाऊन बसली!

कार्यक्रम ज्या मंगल कार्यालयात झाला, ती जागा पूर्वी तंबाखूची वखार होती. सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक होते आणि कोणी अवाक्षर काढले नाही. माझी आजी त्या वखारीत कामाला होती.

मी सात-आठ वर्षांची असताना दुपारची भाकरी घेऊन तिच्याकडे जात असे. आत पाऊल टाकले की घसा धरायचा आणि डोळ्यांतून पाणी यायचे. बायका तोंडाला फडके बांधून रांगेत बसलेल्या असत; कोणी कुटते आहे, कोणी चाळते आहे, जर्दा एकीकडे, काडी दुसरीकडे, भुकटी तिसरीकडे. धुळीची खिडकीतून येणाऱ्या उन्हात अक्षरशः भिंत उभी राहिलेली दिसे. आजी हात धुऊनच भाकरी मोडत असे, तरी तिच्या हातचा तुकडा मला कडूच लागायचा. संध्याकाळी सुटताना दारात झडती होई. पदरात चिमूटभर जर्दा बांधून कोणी नेत नाही ना, हे पाहण्यासाठी मुकादम प्रत्येकीला पदर सोडून झटकायला लावत असे. मुकादम पुरुष होता, हे वेगळे सांगायला नको.

एके दिवशी आजीने पदर सोडला नाही. "पदर न्हाई सोडणार. आधी तुझ्या आईला सोडायला लाव जा," एवढेच ती म्हणाली आणि दारातच बसली. तिच्या मागच्या बायकाही एकेक करून बसल्या. मी रिकामा डबा घेऊन कडेला उभी होते. आत मालकाला निरोप गेला, मुनीम बाहेर आला, आवाज चढले आणि दिवेलागणीला सगळ्यांना तसेच घरी सोडण्यात आले. मला विचाराल तर माझ्या गावाच्या इतिहासातला तो एक मोठा दिवस आहे. त्याची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

असे दिवस ठिकठिकाणी साचले, तेव्हा कुठे प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने वखारीतल्या आणि विडी वळणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. विडीच्या बायकांचे हाल तर घरातच चालत. पाने भिजवायची, साच्याने कापायची, जर्दा भरून वळायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात नेऊन दिल्यावर त्यातल्या कितीतरी विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जायच्या. छाटीची मजुरी नाही आणि विडीही परत नाही. पाने मोजून कमी द्यायची व विड्या मात्र पूर्ण मागायच्या, म्हणजे उरलेली पाने बाईने स्वतःच्या पैशाने विकत आणायची. विडी कामगारांसाठी १९६६ साली देशात कायदा झाला होता. तो आमच्या गल्लीपर्यंत यायला बायकांना रस्त्यावर उतरावे लागले. हे सारे त्या फितीत कुठे बसले नसते? महामार्गाचे एक दृश्य कमी केले असते तरी बसले असते.

आणि महामार्गच दाखवायचा होता, तर मग १९८१ का नाही दाखवले? तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच पुणे-बेंगळूरू महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्या वस्तीला आंदोलननगर हे नाव पडले. गावोगावच्या चुलींवरून भाकऱ्या तिकडे जात होत्या आणि त्यांत आमच्या आजीच्याही होत्या. वखारीत राबणाऱ्या बाईने तंबाखू पिकवणाऱ्याला भाकरी का पाठवावी, असे मी तिला पुढे एकदा विचारले. ती म्हणाली, "त्याला भाव मिळाला तर आमाला कायतरी मागायला तोंड ऱ्हाईल." ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मारले गेले. तेव्हा गुंडूराव कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते. बारा माणसे! आमच्या शहराचा इतिहास सांगणाऱ्या फितीत त्यांच्यासाठी बारा सेकंदही निघाले नाहीत.

एप्रिल १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली याच निपाणीत भरले होते, त्याचाही उल्लेख नाही. तो विसर पडला की टाळला, हे करणाऱ्यांनाच ठाऊक. मला मात्र विसर पडला असे वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी आयोजकांपैकी एका तरुणाला विचारले. तो नम्रपणे म्हणाला, "ताई, बाहेरच्या लोकांना गाव सुंदर दिसावे, असा हेतू होता." मुलगा चांगला आहे, कष्टाळू आहे, आणि स्वतःच्या खिशातून खर्च करून त्याने हे काम केले आहे, हे मान्य करते. वाडाही इतिहासच आहे, तो पडू देऊ नका, हेही मान्य. तंबाखूने किती घरांत कर्करोग नेला हे मला कोणी सांगायला नको. आजीचा खोकला मी शेवटपर्यंत ऐकला आहे. पण ज्या धुळीने तिची छाती भरली, त्या धुळीवर उभ्या राहिलेल्या माड्या सुंदर आणि ती मात्र दाखवण्याजोगी नाही, हा हिशेब मला मंजूर नाही.

उरुसाचा भाग मात्र त्यांनी मनापासून केला आहे, तो पाहताना माझा राग थोडा उतरला होता. दर्गा मुसलमानांच्या पिराचा आणि मान चव्हाण घराण्याचा, हे आम्हाला लहानपणी कधी नवलाचे वाटले नाही. गलेफ, म्हणजे पिराच्या कबरीवर घालायची चादर, निघाला की आजी आम्हाला घेऊन कडेला उभी राहायची, नैवेद्य असायचा, आणि वखारीतल्या तिच्या मैत्रिणी, मराठा, महार, मुसलमान, लिंगायत, सगळ्या तिथे धुतलेल्या लुगड्यात भेटायच्या. एरवी ज्यांच्या घरचे पाणी एकमेकींना चालत नसे, त्या दारातल्या झडतीला मात्र एकत्र बसल्या होत्या. हे त्या फितीच्या निवेदकाला कोणी सांगितले असते, तर "सलोख्याची परंपरा" हे वाक्य त्याला इतक्या वेळा म्हणावे लागले नसते.

सीमाप्रश्नाचे काय, असे काही जण विचारतील. सीमावाद सोडवायला नेमलेल्या महाजन आयोगानेही कर्नाटकातली आमची निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते आणि आमच्या पोरांनी पदव्या घेतल्या ते देवचंद महाविद्यालय अर्जुननगरला, म्हणजे हद्दीपलीकडे कागल तालुक्यात आहे. माझे वडील वखारीच्या मजुरीवर तिथे शिकले. त्या प्रश्नावरचे माझे मत बदललेले नाही. पण गाव कोणत्या राज्यात असावे यावर इतकी वर्षे भांडणाऱ्या आपण मराठी माणसांनी त्या गावात राबले कोण, हे लिहून ठेवण्यात जी टाळाटाळ केली, ती बेंगळूरूच्या माथी मारता येणार नाही.

आजीच्या त्या बसण्याने काय झाले, हे सांगायचे राहिले. झडती बंद झाली नाही. काही दिवसांनी मुकादमाच्या जागी झडतीला एक बाई उभी राहिली, एवढेच. आजीला त्याचा आनंद झाला होता, मला अजूनही त्याचा राग येतो.

तर त्या तरुण मित्रासाठी शेवटचे. चित्रफितीचा दुसरा भाग काढणार असल्याचे तू व्यासपीठावरून सांगितलेस. त्या दारात बसलेल्यांपैकी दोघी अजून आमच्या गल्लीत आहेत. एकीला ऐकू कमी येते, पण बोलते खणखणीत. सकाळी अकराच्या आत ये, नंतर त्या झोपतात. त्यांना घरी बोलावण्याचे आणि चहाचे मी पाहते.