शॅडो टीचर लावला की प्रश्न मिटला? अजिबात नाही

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ऑटिझम असलेल्या मुलाला साध्या शाळेत घालू नका, शाळेला नाही म्हणायचा अधिकार आहे, घालायचंच असेल तर स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारं माणूस, लावा म्हणजे झालं, आणि मूल हुशार असेल तर कसलीच मदत लागत नाही. मी स्पेशल एज्युकेटर, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारी शिक्षिका आहे, आणि ज्यांच्या मुलाचं निदान आत्ताच झालंय ते आईबाबा असलं काही वाचून किती घाबरतात ते बघते, म्हणून लिहितेय.

पहिलं शाळेच्या अधिकाराचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. कलम १६ प्रमाणे शाळा अनुदानित असो की नुसती मान्यताप्राप्त, भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोयीही करायच्या. दिव्यांग सर्टिफिकेटवर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर कलम ३१ आहेच, ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, आणि निवड मुलाची. स्पेशल शाळा वाईट असं मी म्हणतच नाहीये हं, काही मुलं तिथेच रमतात, पण ते शाळेच्या ऑफिसात बसून कोणी ठरवायचं नाही.

आता शॅडो टीचर. काही मुलांना खरंच लागतो, पण बाकी काही न बदलता नुसतं माणूस शेजारी बसवलं की होतं काय, बाई मुलाशी बोलायच्या ऐवजी शॅडोशी बोलायला लागतात, वर्गातली पोरं जवळ येत नाहीत, आणि मूल प्रत्येक ओळीला त्या ताईच्या तोंडाकडे बघतं. म्हणून शॅडो कशासाठी हवाय आणि हळूहळू बाजूला कसा होणार हे सुरुवातीलाच ठरवा. आणि खर्च फक्त पालकांचाच का? स्पेशल शिक्षक ही शाळेच्या व्यवस्थेचीच गरज आहे, सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना १५ मागे एक असं प्रमाण सांगितलंय.

कितीतरी गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. बाकावर चित्रांचं वेळापत्रक चिकटवा, तास बदलायच्या आधी पाच मिनिटं सांगा, एका वेळी एकच सूचना द्या आणि ती फळ्यावरही लिहा. गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला ढोल-लेझीम सुरू झालं की कान झाकणाऱ्या मुलाला हेडफोन घालू द्या, आणि 'मला बाहेर जायचंय' असं कार्ड दाखवलं की न ओरडता जाऊ द्या. बोलत नाही त्याला चित्रं किंवा टॅब वापरून उत्तर देऊ द्या, बोलत नाही म्हणजे त्याला कळत नाही असं नसतं.

हुशार मुलांचं म्हणाल तर गणितात पैकीच्या पैकी घेणारं पोर मधल्या सुट्टीत एकटं भिंतीला टेकून उभं असतं आणि दिवसभर दाबून ठेवलेलं सगळं घरी आल्यावर बाहेर पडतं. मार्क चांगले म्हणून त्याचा सपोर्ट काढून घेऊ नका.

शाळा बघायला जाल तेव्हा 'तुम्ही इन्क्लुझिव्ह, म्हणजे सगळ्या मुलांना सामावून घेणारे, आहात का' विचारू नका, सगळे हो म्हणतात. मूल अस्वस्थ झालं तर कुठे नेता, स्पेशल एज्युकेटर आठवड्यातून किती वेळ येतो, परीक्षेत काय सवलत देता हे विचारा. प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा, आणि आपल्या अर्जाच्या कॉपीवर शाळेचा शिक्का घेऊन ठेवा.