दोनशे पानी वही

थोर पुरुषांची चरित्रं मी आडवा होऊन वाचतो. नायक सहाव्या पानावर पहाटे चारला उठून अभ्यासाला बसतो आणि अकराव्या पानावर मी घोरायला लागतो. फायदा एकच, 'मोठं काहीतरी वाचतायत' म्हणून सिलिंडर बदलायला कुणी उठवत नसे.

हे सुख 'स्मृतिचित्रे'ने घालवलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ते पुस्तक मीच घरी आणलं, वर हसत हसत मोठ्याने वाचूनही दाखवलं. घोडचूक! नवरा कवी, ना. वा. टिळक. हातात पैसा टिकायचा नाही, मनात आलं की घर सोडून चालू लागायचे, 1895 साली तर ख्रिस्ती झाले. आणि बाईंनी 1934 पासून हे सगळं भागाभागाने छापलं, तेही आदळआपट न करता, मायेने! (मायेने लिहिलेलं जास्त लागतं.) नवऱ्याने अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. हे ऐकताना आमच्या हिने माळ्याकडे पाहिलं. तिथे 2011 पासून माझं अर्धं रंगवलेलं स्टूल आहे.

दुसऱ्या दिवशी तिने दोनशे पानी वही आणली.

मला घाम फुटला. रमाबाई रानड्यांनीही 1910 साली आठवणी लिहिल्याच होत्या. पण न्यायमूर्तींनी निदान बायकोला स्वतः लिहायला-वाचायला शिकवलं होतं. मी काय शिकवलं? रिमोट चालेना झाला की त्याला कुठे थापड मारायची, ते.

शेवटी मोरोपंतांकडे पळालो. तिथे कुणाची बायको आठवणी लिहीत नाही. अर्थात तिथे माझाही फारसा शिरकाव होत नाही. एक समास सुटेपर्यंत चहा गार होतो. पण पंतांच्या अनेक रामायणांत एक निरोष्ठ आहे. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटायला लावणारी अक्षरं त्यात वर्ज्य. पूर्वी मला हा रिकामपणचा उद्योग वाटायचा. आता वाटतं, पंत संसारी गृहस्थ होते.

परवा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, पहिल्या दिवाळसणाला अंगठी घट्ट होते म्हणून तुम्ही रुसलात, ते जेवणाआधी की नंतर?"

'माफ कर' म्हणायला दोनदा ओठ मिटावे लागतात. मी नुसतं म्हटलं, "चुकलं."

"ते लिहिलंय," ती म्हणाली. "आधी की नंतर?"