स्टुगला 'गरिबाचा रणगाडा' म्हणणं पटलं नाही

स्टुग ३ ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन चिलखती तोफगाडी, टरेट (रणगाड्याचा फिरता बुरूज) नसलेली. तिच्यावरच्या एका लेखात तिला 'गरिबाचा रणगाडा', म्हणजे टरेट परवडत नव्हतं म्हणून काढलेली तडजोड म्हटलंय. उत्पादन स्वस्त होतं हे खरं, पण मूळ कल्पना तशी नव्हती. जर्मन सेनाधिकारी मानस्टाइनने १९३५ मध्ये मांडलेली मागणी पायदळासोबत चालणाऱ्या चिलखती तोफेची होती. म्हणूनच स्टुगसारख्या तोफगाड्यांचं (असॉल्ट गनचं) दल तोफखान्याकडे गेलं. १९४३ मध्ये जर्मन सेनापती गुडेरियन चिलखती दलाचा महानिरीक्षक झाला तरी बहुतेक असॉल्ट गन त्याच्या हाताखाली आल्या नाहीत.

रणगाड्यांविरुद्धची खरी कामगिरी १९४२ पासूनची. सोव्हिएत टी-३४ रणगाड्यासमोर आखूड ७५ मिमी तोफ अपुरी पडली. लांब नळीची ७५ मिमी तोफ पँझर ३ या जर्मन रणगाड्याच्या टरेटमध्ये मावत नव्हती, पण त्याच सांगाड्यावरच्या स्टुगमध्ये मावली! शिवाय उंची जेमतेम सव्वादोन मीटर. झुडपाआड दबा धरून पहिला गोळा आपण टाकायचा, तर याहून मोलाचं काय? अंतर अचूक काढायची तोफखान्याची शिस्तही कामी आली.

फिनलंडचं उदाहरण लेखात हवं होतं. त्यांना एकूण ५९ स्टुग मिळाल्या आणि १९४४ च्या उन्हाळ्यात कारेलियात (फिनलंड-रशिया सीमेवरचा प्रदेश) त्यांनी सोव्हिएत रणगाड्यांना जबर तडाखा दिला.

मर्यादा मात्र मान्य. तोफ डावी-उजवीकडे थोडीच वळायची, बाजूने शत्रू आला की अख्खं वाहन फिरवावं लागे. सोबत पायदळ नसेल तर जवळच्या लढाईत ती उघडी पडायची. रणगाड्यांऐवजी तिला आघाडीवर धाडलं गेलं, तिथे दोष वाहनाचा नव्हे, वापरणाऱ्यांचा.