‘नुसते हात हलवणं’ या शब्दांबद्दल

आपली प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात काही लिहिलं जाऊ नये म्हणून सकाळपर्यंत थांबलो. खुणांची भाषा शिकवलेल्या वाशो या चिंपांझीवरच्या माझ्या लेखाला आपण ‘भाबडेपणाचा कळस’ म्हणालात. पुढे लिहिलंत, ‘नुसते हात हलवले म्हणजे भाषा होत नाही, केळं दाखवलं की सर्कशीतलं माकडही हातवारे करतं.’ शिवाय वाशोच्या खुणांचा आकडा चुकलाय आणि संशोधक टेरेस यांच्या निम या चिंपांझीचा उल्लेख नाही, हेही दाखवलंत.

आकडा चुकला, मान्य. मी दोनशे लिहिलं होतं. वाशोला शिकवणाऱ्या गार्डनर दांपत्याने ५१ महिन्यांत नोंदवल्या त्या १३२ खुणा. दुरुस्त केलंय, आभार.

पण तेवढं सांगायला हा सूर कशाला?

माझ्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत तिने खूण केली की बोटांवर छडी बसायची. ओठांनीच बोललं पाहिजे असा दंडक होता. घरी मात्र वीज गेली की कंदील आधी ताईजवळ ठेवायचा, कारण अंधार झाला की तिचं बोलणंच थांबायचं. ती भांडायची खुणांनी, चहाड्या सांगायची खुणांनी. तिच्या लग्नात एका नातेवाइकाने सगळ्यांदेखत म्हटलं, ‘ही नुसते हात हलवते.’ चाळीस वर्षांनी तेच शब्द तुम्ही मला लिहून पाठवलेत. खुणांची भाषा काय असते हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

आता केळ्याचं. १९६६ मध्ये नेवाडातल्या रेनो इथे वाशोला अमेरिकन खुणांची भाषा शिकवायला सुरुवात झाली. त्याआधी व्हिकी नावाच्या चिंपांझीला बोलायला शिकवण्यात वर्षं घालवून हाती चारेक शब्द लागले होते, म्हणून हा मार्ग धरला. कोणतीही खूण अशी सहज मोजत नव्हते. तीन वेगवेगळ्या निरीक्षकांनी ती योग्य प्रसंगी, आपणहून केलेली पाहायची. त्यानंतर सलग पंधरा दिवस रोज निदान एकदा दिसायची, तेव्हा ती यादीत. पुढे वाशोने लूलिस नावाचं पिल्लू सांभाळलं. पाच वर्षं माणसांनी त्याच्यासमोर सात खुणांखेरीज एकही खूण केली नाही. तरी तो इतर खुणा शिकला, वाशोकडून आणि सोबतच्या चिंपांझींकडून. तिथे केळं कुणी दाखवलं होतं?

निमबद्दल इथे वाद घालत नाही. १९७९ मध्ये टेरेस यांनी म्हटलं की तो वाक्यं रचत नाही, बरंचसं शिक्षकांचं अनुकरण करतो. माझा लेख वाशोवर होता. आणि चिंपांझी म्हणजे माकड नव्हे, त्याला शेपूट नसतं; लिहिण्याआधी एवढं तरी पाहायचं होतंत.

माझ्या चुका जरूर काढा, मी उत्तर देईन. ताई माझं सगळं लिखाण वाचते, खालच्या प्रतिक्रियाही. तुमची तिने माझ्याआधी वाचली होती.