गाडी जपानची, गन सीसीएसची, डोकं आमचं!

जपानहून इलेक्ट्रिक गाडी आणली, तर चार्जिंगचं काय? गोव्यात पर्वरीला फास्ट चार्जर आहे ना? आहे की! त्याची गन, म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग, सीसीएस-२ पद्धतीची, आणि जपानहून आणलेल्या गाडीचं तोंड चाडेमो या जपानी पद्धतीचं. आता काय, सुतळीने बांधायची?

‘अडॅप्टर घ्या हो!’ घ्या ना. एसीचा, म्हणजे संथ चार्जिंगचा, टाईप-२ प्लग ते टाईप-१ तोंड असा अडॅप्टर सोपा, नुसती तारेला तार. डीसीत, म्हणजे फास्ट चार्जिंगमध्ये, मात्र गाडी आणि चार्जर एकमेकांशी बोलतात, आणि भाषा दोन: चाडेमो बोलतं कॅन-बसवर आणि सीसीएस पीएलसीवर. मध्ये दुभाषा लागतो, प्रोसेसर असलेला. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कोण अपडेट करणार? म्हापशाच्या बाजारातला फिटर?

बरं, घरीच लावा. २३० व्होल्ट, १५ अँपिअर म्हणजे साधारण ३.४ किलोवॅट. पावसात व्होल्टेज १८० वर आलं की उरले २.७. चाळीस किलोवॅट-तासांची रिकामी बॅटरी भरायला पंधरा तास! मध्ये लाईट गेली तर मोजूच नका. स्वस्तातलं सॉकेट असेल तर सकाळपर्यंत पिना तापून प्लास्टिक वितळलेलं. जुन्या घरातलं अर्थिंग म्हणजे भिंतीत शिरून कुठेच न पोचलेली हिरवी तार. चार्जर बिचारा लाल दिवा लावून नकार देतो, आणि लोक काय म्हणतात? चार्जर बिघडला!

त्यात १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली की मोठी भरलेली असूनही गाडीचा दगड. स्क्रीनवर कारण येतं, तेही जपानीत. कंपनीच्या इथल्या सर्व्हिस सेंटरला फोन केला तर? ‘सर, हा चॅसी नंबर आमच्या सिस्टिममध्येच नाही.’